परिवर्तन होऊन राहिले

समाज ढवळून निघत असताना विद्यापीठाने नुसते बसून राहणे बरे दिसत नाही. त्याने निदान एक परिपत्रक तरी काढलेच पाहिजे. जगातल्या सगळ्या मोठ्या विद्यापीठांना हे ठाऊक आहे. आमच्या विद्यापीठाला तर ते जरा जास्तच ठाऊक होते.

पूर्वी, म्हणजे लोक साधे होते तेव्हा, विद्यापीठाची कामे तीनच असत. शिकवणे, परीक्षा घेणे आणि निकाल उशिरा लावणे. पुढे काळ बदलला आणि एवढ्यावर भागेना. २००१ साली विद्यापीठ समाजाचा दीपस्तंभ झाले. २००४ साली दीपस्तंभ जुनाट वाटू लागला, म्हणून ते समाज आणि ज्ञान यांच्यातला सेतू झाले. आणि २००९ च्या जुलैमध्ये, सखोल विचारमंथनानंतर (मंथन दोन दिवस चालले, जेवणाची सोय उत्तम होती), विद्यापीठ समाजाचा आरसा झाले. दर वेळी नवी भूमिका आली की संलग्न महाविद्यालयांनी ती दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यायची, असा दंडक होता. सालेकसा तालुक्यात कोसमटोला नावाचे गाव आहे, तिथल्या कला महाविद्यालयाच्या भिंतीवर या तिन्ही भूमिका एकाखाली एक वाचायला मिळत. पेंटरने जुन्या पुसायला साफ नकार दिला होता, कारण पुसण्याचे काम परिपत्रकात नव्हते. कोसमटोल्यापासून चारशे किलोमीटरच्या आत कुठेही समुद्र नाही, पण दीपस्तंभ मात्र निळ्या रंगात फार देखणा उतरला होता.

या महाविद्यालयाचे मुख्य लिपिक शालीकराम टेंभरे. सगळा परिसर त्यांना बडे बाबू म्हणे. प्राचार्य येत आणि जात, प्राध्यापक येत आणि बदली करून घेत, बडे बाबू मात्र सत्तावीस वर्षे त्याच खुर्चीत होते. या सत्तावीस वर्षांत त्यांनी पाठवलेला एकही फॉर्म विद्यापीठातून परत आलेला नव्हता. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान असावाच लागतो. कोणाला शेतीचा असतो, कोणाला मुलाच्या नोकरीचा. बडे बाबूंना न परतलेल्या फॉर्मांचा होता, आणि लग्नाकार्यात चार लोक जमले की ते ही गोष्ट हळूच काढत.

तर आरसा झाल्या झाल्या विद्यापीठाला प्रश्न पडला की आरशात दिसणार काय. म्हणून ‘परिवर्तन नोंद सर्वेक्षण’ निघाले. प्रपत्र ‘ज’, रकाने एक्केचाळीस. खेडोपाडी जाऊन लोकांना विचारायचे की तुमच्याकडे समाज कसा बदलतो आहे, आणि जे सांगतील ते भरायचे. त्यातली सूचना क्रमांक सहा अशी होती: ‘लोकांची उत्तरे लोकांच्याच बोलीत, एकही अक्षर न बदलता नोंदवावीत. बोलीचा सन्मान हाच समाजाचा सन्मान होय.’

ही सूचना वाचून बडे बाबूंचे डोळे चक्क पाणावले. हसण्यासारखे काही नाही यात. सत्तावीस वर्षे हा माणूस डोक्यात ‘करून राहिलो’ म्हणत होता आणि कागदावर ‘करीत आहे’ लिहीत होता. दिवसातून शंभर वेळा स्वतःच्या जिभेला कागदाच्या दाराबाहेर चप्पल काढायला लावायची म्हणजे माणूस थकतो हो. आणि आता खुद्द विद्यापीठ म्हणत होते की या, तसेच आत या.

प्राध्यापक मंडळी मोठ्या कामांत गुंतलेली असल्याने (तिघे उजळणी वर्गाला, एक रजेवर, एक प्राचार्यांवर नाराज) सर्वेक्षण बडे बाबूंच्या अंगावर आले. गोंडी समजणारे कोणीतरी सोबत हवे, म्हणून त्यांनी दिव्या सलामेला घेतले. दिव्या बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होती. दरेकसा गावाच्या वर डोंगरात सतरा घरांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथली. बाप बिसराम जंगलाच्या कामावर जाई. टोल्यातून इतके शिकलेले तोवर कोणी नव्हते, ना पोरगा ना पोरगी. टोल्याच्या शाळेत गुरुजी आठवड्यातून दोनदा उगवत, आणि पोरांना त्यांची बोली समजत नसे, त्यांना पोरांची. दिव्याचे ठरलेले होते. बी. ए. झाले की बी. एड., आणि बी. एड. झाले की आपल्या टोल्याच्या शाळेत रोज जाणारी बाई व्हायचे. तिच्या सगळ्या आयुष्याचा हिशोब एवढाच होता आणि तो मार्चमधल्या परीक्षेवर अडलेला होता.

दोघे गावोगाव फिरले. बडे बाबू लुनावर, दिव्या सायकलवर. चढ आला की दिव्या पुढे आणि बडे बाबू लुना ढकलत मागे. रकाना नऊमध्ये छापलेला प्रश्न होता: ‘महिलांच्या गतिशीलतेत कोणते परिवर्तन जाणवते?’ दिव्या तो दारात बसलेल्या रुख्माबाईला असा विचारी, “माय, पोरी आता कशा जातेत शाळेत?”

“पोरी? पोरी सायकलनं जाऊन राहिल्या ना,” म्हातारी म्हणाली. “तू नाही का जाऊन राहिली?”

बडे बाबूंनी अक्षर न बदलता लिहिले. त्यांना इतका आनंद पंधरवड्याच्या सुटीतही कधी झाला नव्हता. समाज खरोखरच ढवळून निघत होता आणि पहिल्यांदाच तो जसा बोलतो तसा कागदावर उतरत होता. पोरे हैदराबादला कामाला जाऊन राहिली. लोक जंगलातल्या जमिनीचे पट्टे मागून राहिले. कचारगडच्या जत्रेला दर साली जास्त माणूस येऊन राहिलं. शेवटी एक ओळ उरली, तेव्हा दिव्या म्हणाली, “बडे बाबू, माहंबी नाव लिवा ना. मीबी इथलीच आहो.”

“शिक्षण का लिवू?”

“बी. ए. करून राहिली.”

त्यांनी तेही लिहिले. ओळ क्रमांक दोनशे बारा.

आता विद्यापीठाचीही बाजू पाहिली पाहिजे. खेडोपाडीहून पोतीच्या पोती बोली येऊन पडली, तर ती संगणकात भरायची कशी? त्यासाठी ‘आकलन कक्ष’ स्थापन झाला आणि त्याने लांबच्या एका नामांकित संस्थेकडून ‘बोली-उकल कुंजी’ करवून घेतली. कुंजी शास्त्रशुद्ध होती. ‘ऊन’ने शेवट होणारे क्रियापद म्हणजे क्रिया पूर्ण झाली, असा नियम एक. ‘राहणे’ म्हणजे वास्तव्य करणे, किंवा शिल्लक असणे, असा नियम दोन. कुंजीला मान्यता देणाऱ्या समितीत पाच सदस्य होते. पैकी चौघे घरी ‘जेवून राहिलो, थांब’ असेच म्हणत; पण घरी काय म्हणतो हे बैठकीत सांगायचे नसते, तेवढा पाचपोच त्यांना होता. पाचवे सदस्य गैरहजर होते.

अशा रीतीने कोसमटोला परिसर आरशात उमटला. निष्कर्षांतले काही येथे देणे इष्ट.

मुली सायकलने गेल्या व तिकडेच राहिल्या.

तरुण हैदराबादेस जाऊन वास्तव्यास आहेत. (निम्मे दर महिन्याला घरी येत.)

जंगल कमी झाले, तरी शिल्लक आहे.

पट्टे मागितले व राहिले. (सगळ्या अहवालातला एवढाच निष्कर्ष अचूक निघाला.)

दारू सोडून सर्व काही राहिले आहे. (हे उत्तर धनीराम नावाच्या गृहस्थांनी दिले होते. मूळ वाक्य ‘दारू सोडून राहिलो’ असे होते आणि ते दोन वर्षांपासून तेच सांगत होते.)

एकंदर परिवर्तन ९७.३ टक्के पूर्ण. उरलेले २.७ टक्के लोक सर्वेक्षणाच्या वेळी घरी नव्हते.

विद्यापीठात आनंदीआनंद झाला. इतर विद्यापीठे परिवर्तन घडवण्याच्या नुसत्या गप्पा मारत होती आणि इथे ते होऊन गेलेलेही होते. कोसमटोला हा ‘परिवर्तनपूर्ण परिसर’ म्हणून जाहीर झाला. त्यामागून दुसरे पत्र आले. समाज बदलून झाला असल्याने तिथे समाजशास्त्राची गरज उरलेली नाही, सबब तो विभाग पुढील सत्रापासून इतिहास विभागात विलीन करण्यात यावा. प्राचार्य मुन्नालाल बिसेन यांनी दोन्ही पत्रे फ्रेम करून घेतली. “टेंभरेबाबू, आपल्या कॉलेजचं नाम हो गया,” ते म्हणाले आणि पेंटरला निरोप गेला.

जानेवारीत तिसरे पत्र आले. त्यासोबत एक फॉर्म परत आला होता.

दिव्याचा परीक्षा अर्ज होता तो. वर लाल शाईने शेरा: ‘प्रपत्र ज, ओळ २१२ अन्वये विद्यार्थिनीचे बी. ए. चे शिक्षण पूर्ण झाले असून ती सध्या शिल्लक आहे. शिक्षण पूर्ण झालेल्या व्यक्तीस परीक्षेस बसता येत नाही. अर्ज रद्द.’

 बडे बाबूंनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. शेरा तोच होता. आधी त्यांना वाईट वाटले ते सत्तावीस वर्षांचे; खोटे कशाला बोला. मग समोर उभ्या असलेल्या पोरीकडे त्यांचे लक्ष गेले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“मंग पदवी देऊन टाकतेत का?” दिव्याने विचारले. प्रश्न सरळ होता. शिकून झाले असेल तर कागद द्या.

पदवी देता येत नव्हती, कारण तिने परीक्षा दिलेली नव्हती. परीक्षा देता येत नव्हती, कारण तिचे शिक्षण झालेले होते. यात विद्यापीठाची काही चूक काढता येत नाही. दोन्ही नियम वेगवेगळ्या वर्षी केलेले होते, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी बडे बाबू पहाटेच्या पॅसेंजरने निघाले आणि दुपारी विद्यापीठाच्या खिडकी क्रमांक चौदावर पोचले. आत खुशाल नावाचे बाबू बसले होते. बोलीवरून भंडाऱ्याकडचे वाटले, आणि बडे बाबूंचा जीव भांड्यात पडला. म्हटले, आपलाच माणूस आहे.

“पोरगी शिकून राहिली,” बडे बाबू म्हणाले, “अन् तुम्ही तिले शिकली म्हणून मांडलं.”

“हो ना. शिकून राहिली म्हणजे अजून शिकूनच राहिली. मले नाही समजत का?” खुशाल म्हणाले.

“मंग दुरुस्त करा.”

“मी समजून राहिलो, बडे बाबू. पण मी इथं समजाले नाही बसलो. हे समजणं कुंजीत नाही ना. उद्या साहेबानं विचारलं का बाबा तुले कसं समजलं, तर मी का सांगू? घरी बोलून राहिलो म्हणून सांगू?”

 खुशालबाबू माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, आणि दुरुस्तीचा रस्ताही दाखवला: प्रपत्र ‘ज-एक’. ते मूळ प्रपत्राचेच पिल्लू असल्याने तेही बोलीतच भरावे लागे. प्रमाण भाषेत भरल्यास तो बोलीचा अवमान समजून बाद होई.

बडे बाबू जिन्यावर बसले. ‘राहिली’ हा शब्द न वापरता, पण आपल्याच बोलीत, पोरगी शिकत आहे हे कसे सांगायचे? जन्मभर बोललेली बोली त्यांनी आतून बाहेरून उलटून पाहिली. अखेर त्यांनी लिहिले: ‘पोरगी आतापावतर शिकते.’ आणि अर्ज आत दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. कुंजीचा नियम सात: ‘शिकते, खाते, पिते’ अशी रूपे सवय दाखवतात. सबब विद्यार्थिनीस शिकण्याची सवय असल्याचे निदर्शनास आले असून प्रकरण समुपदेशन कक्षाकडे वर्ग करण्यात आले आहे. (समुपदेशन कक्षाने तत्परतेने एक पत्रक पाठवले. त्यात सवय हळूहळू कशी सोडावी याचे आठ उपाय होते. तिसरा उपाय होता, चांगल्या पुस्तकांत मन रमवावे.)

बडे बाबूंनी डोक्याला हात लावला. “पोरी, माह्याच हातानं झालं हे,” ते म्हणाले. “मी आपलं नेहमीसारखं ‘करीत आहे’ लिवलं असतं तर तू आज अभ्यास करत बसली असती.”

दिव्या अभ्यासच करत होती. पुस्तक मिटून ती म्हणाली, “तुम्ही बरोबर लिवलं, बडे बाबू. वाचणाऱ्याले येत नाही, त्याले तुम्ही कायले रडता?”

मार्चमध्ये, परीक्षेच्या अगोदरच्या शनिवारी, कोसमटोल्यात परिवर्तनपूर्ती सोहळा झाला. स्वतः कुलगुरू आले. भिंतीवर आरशाखाली चौथी ओळ रंगवून तयार होती. सत्कारमूर्ती कोण असावे यावर फार चर्चा झाली नाही. परिवर्तन पूर्ण झालेली सगळ्यांत ठळक व्यक्ती म्हणजे ओळ क्रमांक दोनशे बारा. दिव्याला शाल, नारळ आणि ‘परिवर्तनकन्या’ असे कोरलेले स्मृतिचिन्ह मिळाले. बाप बिसराम पहिल्या रांगेत बसला होता. पोरीला नेमके काय मिळाले हे त्याला उमगले नव्हते, पण टाळ्या वाजत होत्या म्हणून तोही वाजवत होता. बडे बाबूंना ते बघवेना. ते खांबाआड जाऊन उभे राहिले.

सूत्रसंचालकाने दिव्याला दोन शब्द बोलायला सांगितले, आणि कुलगुरूंनी आवर्जून सांगितले, “तुझ्या बोलीत बोल हं, बाळ.”

दिव्याने माइक नीट धरला. “मी शिकली नाही,” ती म्हणाली. “मी अजून शिकून राहिली. सोमवारी माहा पेपर आहे अन् मले हॉलतिकीट नाही भेटलं. ते शाल वापस घ्या अन् हॉलतिकीट द्या. माह्या टोल्यात मास्तर येत नाही, मले तिथं जाचं आहे.”

एवढे साफ बोलणे त्या मांडवात त्या दिवशी दुसरे कोणी केले नाही.   खांबाआड बडे बाबूंना वाटले, झाले, आता पोरगी जिंकली.

मग कुलगुरूंचा चेहरा फुलला. “काय गोडवा आहे या भाषेत!” ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षीय भाषणात त्यांनी ‘मले’ आणि ‘माहा’ या दोन शब्दांवर वीस मिनिटे अत्यंत जिव्हाळ्याने विवेचन केले. बोली सगळ्यांनी ऐकली. पोरगी काय बोलली, ते कोणी विचारले नाही. जाताना शाल मात्र नियमानुसार तिच्याकडेच ठेवण्यात आली.

सोमवारी दिव्या पेपरला आली. हॉलतिकीट नव्हतेच. बडे बाबूंनी आयुष्यात कधी नियम मोडला नव्हता, आणि मोडायचा कसा हेही त्यांना नीट येत नव्हते, म्हणून त्यांनी तो रीतसर मोडला. शेवटच्या बाकावर तिला बसवले, उपस्थिती पत्रकात खाली हाताने एक ओळ आखली आणि त्यावर सही केली. दिव्याने सगळे पेपर दिले. तिच्या उत्तरपत्रिकांचा वेगळा गठ्ठा बांधून त्याला बडे बाबूंनी एक पत्र जोडले. या खेपेला बोलीचा मान-अपमान त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वच्छ, कडक, शाळेत शिकवतात तसली मराठी लिहिली: ‘सदर विद्यार्थिनी शिकत होती, शिकत आहे आणि तिला शिकवायचे आहे. कृपया उत्तरपत्रिका तपासाव्यात. चूक असल्यास ती माझी आहे.’

पत्र नियमबाह्य असल्याने त्याचा निर्णय कोणा एकाला घेता येईना. ते टेबलावरून टेबलावर फिरले. विद्यापीठाने मात्र ते दडपले नाही, हे सांगितलेच पाहिजे. ते ज्याच्या टेबलावर गेले त्याने सगळे वाचले. काहींना वाईट वाटले. दोघांना हसू आले. एकाने घरी बायकोला सांगितले आणि तीही हळहळली. प्रत्येकाने खाली ‘वाचले’ असे लिहून सही केली आणि कागद पुढे सरकवला.

जूनमध्ये गठ्ठा परत आला. दोरी बडे बाबूंनी बांधली होती तशीच होती, गाठसुद्धा कोणी सोडलेली नव्हती. बडे बाबू तो घेऊन दरेकशाच्या वरच्या टोल्यावर चढून गेले. दिव्या अंगणात सतरा घरांची पोरे घेऊन पाढे म्हणवून घेत होती. त्यांना पाहताच तिने निकाल ओळखला आणि पोरांना पुढचा पाढा म्हणायला लावला.  गठ्ठा तिच्या हातात देऊन बडे बाबू एवढेच म्हणाले, “साऱ्यांनी वाचलं, पोरी. अकरा जणांनी.”

त्या पत्राखाली अकरा सह्या आहेत, आणि अकराव्या सहीच्या खाली एक ओळ अजून कोरी आहे. हे सगळे आता तुमच्याही टेबलावर आलेले आहे. शेवटपर्यंत वाचलेत, मधे हसलात, पोरीची बोलीही गोड वाटली असेल. तेव्हा बाराव्या ओळीवर सही करा. फार काही लिहायचे नाही. ‘वाचले’ म्हणा, आणि पुढे सरकवा.